हिरडा फोडायचं यंत्र

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझा छोटा कारखाना आहे. उसाच्या चरकाचे सुटे भाग, पंपाचे दांडे, कुणाच्या ट्रॅक्टरचा मोडलेला तुकडा, असली कामं आमच्याकडे येतात आणि ती घेऊन येतात ती बहुतेक पुरुषमाणसं. त्यामुळे एका दुपारी दारात दोन बायका येऊन उभ्या राहिल्या तेव्हा मला वाटलं, पत्ता चुकल्या असतील. एक साठीच्या पुढची, कपाळावर गोंदण असलेली. दुसरी तिची सून, खांद्याला पिशवी.

सून म्हणाली, "दादा, हिरडा फोडायचं यंत्र करून देता काय?"

त्या गगनबावड्याकडच्या एका धनगरवाड्यावरच्या. पिढ्यान्‌पिढ्या त्यांची माणसं तिथल्या जंगलात राहिलेली. म्हशी राखायच्या, नाचणी पिकवायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाला हिरडा गोळा करायचा. हिरड्याची साल औषधाला आणि कातडं कमवायला जाते, एवढं मला माहीत होतं. सुनेनं पुढचं सांगितलं. भोवतालच्या जंगलावर वाड्याचा सामूहिक हक्क आता कागदोपत्री मान्य झाला होता. काय काढायचं, किती काढायचं, कुणाला विकायचं, हे वाड्याची सभा ठरवत होती. अख्खा हिरडा पोत्यात भरून व्यापाऱ्याला देण्यापेक्षा साल आणि बी वाड्यावरच वेगळी करावी, असं बायकांनी मनावर घेतलं होतं. पण ते काम दगडावर दगड मारून चाललं होतं.

सासूनं हात पुढं केले. बोटं चेचून काळीनिळी झाली होती. "हे बघा," ती म्हणाली. "आता ह्या हातानं भाकरी तरी कशी थापायची?"

आमचा मिस्त्री वडिलांच्या वेळेपासूनचा. तो लेथ बंद करून कधी जवळ आला, कळलं नाही. "वीज हाय का वर?" त्यानं विचारलं.

"पावसाळ्यात तर न्हाईच," सासू म्हणाली. " आन उन्हाळ्यात तिच्या मनावर हाय."

"म्हंजे हातानं फिरवायचं करू," मिस्त्री म्हणाला आणि माझ्याकडे न बघताच कागदावर रेघोट्या ओढायला लागला. काम घ्यायचं की नाही, हे मला कुणी विचारलं नाही.

शेंगा फोडायच्या यंत्रावरून आम्ही एक नमुना केला. दोन लोखंडी रूळ, वर फळं टाकायचं चाडं, बाजूला दांडा. बाजारातून वाळलेला हिरडा आणून फोडून बघितला. टाळ्या वाजवल्यासारखा आवाज करत फळं फुटत होती. मिस्त्रीनं मिशीवरून हात फिरवला.

यंत्र गाडीत घालून आम्ही वर गेलो. गाडीरस्ता संपला तिथं वाड्यावरचे चार गडी येऊन थांबले होते. त्यांनी बांबूला बांधून ते खांद्यावर घेतलं. मी मागून चाललो. दोन्ही बाजूंना हिरड्याची, जांभळीची झाडं, मध्येच करवंदीच्या जाळ्या. सून वाटेत मला दाखवत होती, कुठल्या झाडाच्या फांद्या पूर्वी भसाभसा तोडून फळं काढली होती आणि आता ते झाड पुन्हा कसं भरलं होतं. अंगणातला केरसुणीनं झाडलेला कोपरा दाखवावा, तशा साध्या आवाजात ती बोलत होती.

अंगणात अख्खा वाडा जमला. सासूनं पहिली ओंजळ टाकली, मी दांडा फिरवला. हिरडा फुटला, बी बाजूला पडली. बायका पुढं सरकल्या. पण साल पाटीत पडत गेली तशी काळी होत गेली. आधी कडेनं, मग सगळीच. थोड्या वेळानं पाटीत जे होतं ते कुणीही फुकटसुद्धा नेलं नसतं.

मी दांडा सोडला. सासूनं एक तुकडा उचलून बोटावर घासला.

"पावणं," ती म्हणाली, "तुमी शाईच केलीसा की."

आधी तीच हसली, मग सगळं अंगण हसलं, आणि शेवटी आम्हालाही हसू आवरेना. हिरड्याचा रस लोखंडाला लागला की काळा पडतो, हे त्यांना ठाऊक होतं. रूळ लोखंडाचे असणार, हे आम्हाला ठाऊक होतं. दोघांनीही एकमेकांना सांगितलं नव्हतं. बाजारातला हिरडा खडखडीत वाळलेला होता, म्हणून तो कोल्हापुरात फसवून गेला. इथं तो अर्धवट ओला असतानाच फोडावा लागतो. आलेल्या पाहुण्याला उपाशी परत पाठवायचं नाही म्हणून नाचणीची भाकरी, ताक आणि फणसाची भाजी पुढं आली. जेवता जेवता मिस्त्री म्हणाला, "मग रूळ लाकडाचं करू की."

वादळात पडलेला एक फणस वाड्याच्या मागं होता. सभेनं त्याचं लाकूड यंत्राला द्यायचं ठरवलं आणि ओंडके आमच्याच गाडीत चढवले.

त्यानंतरचे दिवस मला फार आवडले. ज्या लेथवर जन्मभर लोखंड कातलं त्यावर मिस्त्री फणसाचं लाकूड कातत होता. कारखानाभर पिवळाधमक भुसा आणि गोडसर वास. शेजारचे कारखानदार चहाचा कप घेऊन बघायला यायचे. "काय, पाळणं करायला लागलासा काय?" म्हणायचे आणि जाताना एखादी सूचना देऊन जायचे. त्यातल्याच एकानं सुचवलं की रुळाला टायरचं रबर लावा, म्हणजे बी चेचणार नाही. तसं केलं. सून फोनवरून विचारायची, "दादा, बसून फिरवता येतंय न्हवं? उभं राहून कमरंचा काटा ढिला होतोय." मग यंत्राच्या पायांची उंची कमी केली.

दुसऱ्या खेपेला साल निघाली ती मधासारखी पिवळट. सासूनं ती उन्हाकडं धरून बघितली आणि नुसती मान हलवली. मिस्त्रीला तेवढं पुरलं. तो एका कडेला जाऊन उगाचच नाक शिंकरत राहिला.

त्याच दिवशी सभा होती, तिला आम्हालाही बसवलं. माझ्या मनात एक किडा वळवळत होता. काम आता झपाट्यानं होणार, म्हणजे झाडं जास्त ओरबाडली जाणार नाहीत ना? मी बोलायच्या आत सुनेचा दीरच उठला.

"यंत्र आलंय तर दुप्पट काढू की. वरचा उतार कशाला सोडायचा?"

सून म्हणाली, "यंत्र फोडतंय रं. झाडाला जास्त फळ लागत न्हाई त्यानं."

"पण येळ तर वाचतोय न्हवं?"

"वाचू दे की," सासू म्हणाली. "दुपारचं मला पडायला मिळंल. तुज्या पोटात का दुखतंय?"

दीर हसत खाली बसला, पण बोलणं तिथं संपलं नाही. बराच वेळ वाद झाला, आवाज चढले, एका म्हाताऱ्यानं तर काठी आपटली. शेवटी ठरलं ते असं: वरचा उतार पाखरांना आणि नव्या रोपांना ठेवायचा. वाचलेल्या वेळात साल निवडून, प्रतवारी करून भरायची. आणि वाड्यानं हिरड्याची जी रोपवाटिका लावली होती, ती दिरानं सांभाळायची. तो कुरकुरला, पण वाड्यावर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उठलो तेव्हा त्यानंच मला बी पेरलेल्या पिशव्यांची रांग दाखवली. एका पिशवीतून कोंब वर आला होता. त्या एवढ्याशा कोंबाभोवती त्यानं काटक्यांचं कुंपण केलं होतं.

पुढच्या वर्षी गारगोटीकडच्या एका वाड्यानं तसंच यंत्र मागितलं. मिस्त्रीनं केलं आणि गाडीतून पाठवून दिलं. ते कसं चालतंय बघायला मी न कळवताच गेलो. अंगणात आमची गगनबावड्याची सून आधीच हजर. पदर खोचून तिथल्या बायकांना शिकवत होती. मी दिसल्यावर तिनं नुसतं डोळ्यांनी हसून पुन्हा कामात लक्ष घातलं.

तिथल्या एका बाईनं मला विचारलं, "पावणं कुठलं?"

"कोल्हापूरचा."

"यंत्र बघाय आलासा? मग उभं काय ऱ्हायलासा, बसा की." तिनं मला दांड्याजवळ बसवलं आणि ते यंत्र मला नीट समजावून सांगितलं. रूळ लाकडाचे का, रबर कशाला, पाय बुटके कशासाठी. मी सगळं ऐकून घेतलं. सुनेनं मी कोण ते सांगितलं नाही आणि मीही बोललो नाही. मग मी दांडा फिरवायला लागलो.

"सावकाश," ती बाई म्हणाली. "तुमच्या शेरातल्या माणसांला लई घाई असतीया."

मी सावकाश फिरवला. पाटीत साल पडत राहिली, पलीकडं बी, आणि बायका आपापसात कुणाच्या तरी लग्नाचं बोलत राहिल्या.