कानानं राखलेली ज्वारी

सुटीत घरातली पोरं जमली की माझ्याकडे भुताची गोष्ट मागतात. भूत मी कधी पाहिलेलं नाही. मी इतका भित्रा, की माझ्यासमोर यायला भुतालाच कमीपणा वाटत असेल. पण एक आवाज ऐकला आहे, आणि तोही भर दुपारी.

तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. महाराष्ट्र नवा नवा झाला होता. शाळेत पेढा मिळाला, एवढीच माझी राजकीय समज. आमचं गाव डोणगावापासून दीडेक कोसावर, आणि गावाला लागूनच आमचं ज्वारीचं वावर. कणसांत दूध भरलं की पाखरांचे थवे उतरायचे. म्हणून वावराच्या मधोमध चार बल्ल्या रोवून त्यावर माळा बांधायचे आणि राखणीला पोर बसवायचे. त्या वर्षी आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईची मुलगी होती, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी. उजाडल्यापासून दिवस बुडेपर्यंत ती गोफण फिरवायची आणि ओरडायची, "हाऽऽ होऽऽ!"

माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, वावरात क्वचितच जायचे. ओसरीवर सुपारी कातरत बसायचे आणि कानानं राखण करायचे. आवाज येतोय तोवर अडकित्ता चालू. आवाज थांबला की अडकित्ताही थांबायचा. "झोपली का बे ते पोट्टी? जाय, पाहून ये." त्यांनी सांगूनच ठेवलं होतं, राखणीचा आवाज बंद पडला तर पोरीलाही काढीन आणि तिच्या मायलाही.

एका दुपारी अडकित्ता थांबला. मी वावरात गेलो. माळ्याच्या सावलीत ती पडली होती. अंग नुसतं भाजत होतं.

"भाऊ, मोठ्या मालकाले सांगू नको," ती म्हणाली. "माह्या मायचं काम जाईन. तू ओरड जरासा. मी घडीभर निजतो."

मी माळ्यावर चढलो. माझा आवाज म्हणजे फुटकी पिपाणी. एक चिमणी उडाली, तीही बहुतेक हसण्यासाठी. दहा-बारा हाकांत घसा बसला. मग भूक लागली. मग मी तिला तशीच ठेवून घरी पळालो. पोरांना गोष्ट सांगताना एवढा भाग मी जरा घाईनंच सांगतो.

पहिला घास तोंडात घातला आणि वावरातून आवाज आला, "हाऽऽ होऽऽ!" नेहमीचाच, नेहमीच्याच अंतरानं. ओसरीवर अडकित्ता वाजू लागला. उठली वाटतं, असं म्हणून मी आणखी एक भाकर घेतली.

जेवून परत निघालो. ज्वारी माझ्या डोक्यावरून दोन हात उंच. आत शिरलं की आभाळाची फक्त पट्टी दिसायची. आवाज समोरून येत होता, प्रत्येक हाकेला जवळ. पण माळा दिसला तेव्हा त्यावर कोणी नव्हतं. गोफण बल्लीला लटकत होती.

ती खाली तशीच पडली होती. डोळे मिटलेले, हात सैल. ओठ उघडले, "हाऽऽ होऽऽ!" आणि मिटले. पाखरं भर्रकन उडाली. मी तिला हलवलं, हाका मारल्या. जागी झाली नाही. थोड्या वेळानं ओठ पुन्हा उघडले.

मी जो सुटलो तो थेट ओसरीवर. "मोठेबाबा, तिले लय ताप हाय! उठूनच नाही राह्यली!"

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. वावरातून हाक आली.

"मंग हे कोन ओरडून राह्यलं? तुहा बाप?"

"तेच ओरडते. झोपेत."

"लबाड! झोपेत कोनी राखन करते का बे?"

आत चुलीपाशी मोठी आई, म्हणजे मोठेबाबांची बायको, ऐकत होती. तिनं पदर खोचला, वावरात गेली आणि पोरीला खांद्यावर टाकून घेऊन आली. मोठेबाबांच्या पुढ्यातच पोतं अंथरून तिला निजवलं. ते काही बोलणार, तेवढ्यात पोरीचे ओठ उघडले, "हाऽऽ होऽऽ!" अंगणातल्या चिमण्या उडाल्या. अडकित्त्यातली सुपारी तशीच राहिली.

निरोप मिळताच तिची माय धावत आली. कपाळावर ओली चिंधी ठेवत म्हणाली, "घरी बी असंच करते जी, झोपेत. आता तर तिची लहानी बहीन बी दचकत नाही."

मोठेबाबांनी अडकित्ता मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "राहू दे तिले इथंच. तुहं काम नाही जात."

मला वाटलं, सुटली.

सकाळी तिचा ताप उतरला. ओसरीवर बसून ती दूध-भाकर खात होती, मी शेजारी. आणि वावरातून आवाज आला, "हाऽऽ होऽऽ!" तोच. तेवढ्याच अंतरानं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तोंडात घास होता.

"हे... हे कोन व?" मी तिच्याजवळ सरकत विचारलं.

"लहानी," ती म्हणाली. "तिले माळ्यावर चढता नाही येत. मायनं उचलून ठेवली." मग घास तसाच धरून तिनं कान दिला. पुढची हाक आली तेव्हा मान डोलावली. "चांगली ओरडते ना?"

मी मोठेबाबांकडे पाहिलं. ते डोळे मिटून भिंतीला टेकले होते, आणि अडकित्ता चालू होता.