पडवीच्या भिंतीवरचा चुंबक

गणितातल्या पीएचडीला हात लावलेला उमेळे गावातला बागायतदार मी एकटाच! हात म्हणजे, चुन्याचा कुंचला धरलेला हात. ते पुढे सांगतो. घरातलं एक माणूस विचार करत बसलं, की बाकीच्यांकडे किस्से साचतात. आमची सून मनीषा पाच वर्षं विचार करत होती.

*

मी सातवी नापास, तरी विषय विचारला. ती म्हणाली, चुंबकात बारीक सुया असतात समजा, काही वर तोंड केलेल्या, काही खाली. मधे त्यांची हद्द, पडद्यासारखी. लोखंडातला कचरा तो पडदा कुठेही ओढतो. मग पडदा सपाट राहील की भरकटेल?

मी म्हटलं, शेजारच्या नानाला विचार. त्याचा बांध दरवर्षी वीतभर आमच्याकडे भरकटतो.

"नाना तीन मितींत सरकतात, बाबा. माझं लोखंड चार मितींचं आहे."

*

मग मी शेजारच्या पापडी गावच्या बाजारातून मिठाईचा रिकामा खोका आणला, करकचून बांधला, वर लिहिलं, 'चार मितींचं लोखंड, नमुना'. मनीषाने उघडून आत नीट पाहिलं, म्हणाली, "चांगला तुकडा आहे." आमच्या हिलाही तो दिसला म्हणे. घरात दिसला नाही तो एकट्या मलाच!

*

पडवीची भिंत ही तिची वही. पीएचडीच्या नोंदणीचं शेवटचं वर्ष. दिवाळीनंतर प्रबंध दिला नाही तर पाच वर्षं पाण्यात. आणि दिवाळीआधी मी नेहमीसारखा घराला चुना मारला. पडवीसकट. तीन महिन्यांची सिद्धता पांढरीशुभ्र!

कॉलेजात शिकवून आली, भिंतीसमोर उभी राहिली. चुना वाळल्यावर आठवून लिहू लागली आणि मधल्या पायरीवर अडली. ती पायरी मुळातच चुकलेली होती! तिने दुसरी वाट काढली, तर अर्ध्या भिंतीतच पडदा सपाट. पेढे मी वाटले, सगळं श्रेय घेऊन.

*

विद्यापीठात तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन तास खोदखोद खोदलं, शेवटी पेनाला टोपण लावून हसले. तिथली पद्धत अशी, की सभेतल्या कुणीही प्रश्न विचारावा. अध्यक्ष म्हणाले, आणखी कुणाला काही? हिने माझा सदरा धरला. तरी मी उठलो.

"मॅडम, हे सगळं बरोबर आहे कशावरून?"

मनीषाने खडू माझ्यापुढे धरला.

"चूक दाखवा, बाबा. सापडली तर डॉक्टरेट तुम्ही घेऊन चला."