जाड दोऱ्याची बॉबिन

झालरीच्या चुण्या ओढताना दोरा तुटतोच का, हा प्रश्न मला त्या दुपारी दुसऱ्यांदा दोरा तुटल्यावर पडला. पहिल्यांदा तुटला तेव्हा मी नुसतीच चिडले होते.

दुसऱ्या दिवशी बुद्ध पौर्णिमा होती. सकाळी विहारात जाताना माझ्या सहा वर्षांच्या मुलीला पांढरा फ्रॉक घालायचा होता आणि त्याच्या घेराला मी आईच्या पांढऱ्या साडीची झालर लावत होते. आई जाऊन वर्ष झालं होतं. साडी धुऊन धुऊन इतकी विरली होती, की उसवलेल्या टाक्यांची भोकं बुजत नव्हती. आता पुन्हा शिवून उसवावं लागलं असतं तर पट्टी फाटलीच असती, आणि साडीत दुसरी धड पट्टी उरली नव्हती.

व्हिडिओतली बाई सांगत होती, टाका मोठा ठेवा आणि खालचा दोरा हळूच ओढा. मी हळूच ओढत होते. निम्म्या पट्टीपर्यंत चुण्या छान यायच्या आणि मग टक.

वडील कॉटवर पेपर वाचत बसले होते. त्यांचं उभं आयुष्य मार्केट यार्डात पोती उचलण्यात गेलं. पेपर खाली न घेता ते म्हणाले, "पोत्याचं तोंड कुणी रिळाच्या दोऱ्यानं आवळतं का?"

"बाबा, हे पोतं नाहीये."

"ओझं असेल तसा दोरा लागतो. पुढं आपली मर्जी."

मला राग आला, पण म्हणणं पटलं. चुण्या वाढतात तसा सगळ्या पट्टीचा भार त्या एका बारीक दोऱ्यावर येतो. आणि मग ती बॉबिन आठवली. आईच्या पायमशीनच्या खणात गोधडीच्या जाड दोऱ्याची एक बॉबिन कायम असायची. हिचं काय करतेस, असं मी लहानपणी विचारलं की, "चोंबडेपणा कमी कर," एवढंच उत्तर मिळायचं. मशीन माझ्याकडे आलं, तरी बॉबिन खणातच होती.

बॉबिन केसचा स्क्रू सैल केला तेव्हा कुठे तो दोरा सरकायला लागला. वरच्या दोऱ्याचा ताणही कमी केला आणि जीव मुठीत धरून शिवण घातली.

"आता ओढू नको," वडील म्हणाले. पेपर कधीच खाली गेला होता. "दोरा धर आणि कापड सरकव."

चुण्या एकीला एक लागून बसत गेल्या. पट्टी घेराएवढी झाली आणि दोरा तुटला नाही.

झालर फ्रॉकला शिवून झाल्यावर तो जाड दोरा अख्खा बाहेर निघाला. टाकून देणार, तेवढ्यात लक्ष गेलं. टाक्याटाक्याला त्याला बारीक बाक आला होता. बॉबिनवर उरलेला दोरा मी वापरलाच नव्हता, पण त्यालाही तसेच बाक होते. म्हणजे आई तोच दोरा दर वेळी काढून परत गुंडाळत होती. मी तो खिडकीशी नेऊन पाहिला. त्यात कापडाचे तंतू अडकले होते, काही पिवळे आणि एका जागी गुलाबी. पहिलीत मला गुलाबी फ्रॉक होता, तीन झालरींचा. मला रडू आलं.

मी दोरा पुन्हा बॉबिनवर गुंडाळत असताना मुलगी नवा फ्रॉक घालून जवळ आली.

"हिचं काय करतेस?"

आईचं उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून मी दोऱ्याचं टोक तिच्या हातात दिलं.