विहिरीकडचा अर्धा बिघा

नत्थुजी नांदगाव पेठेजवळच्या एका खेड्यात भाजीपाला पिकवायचे आणि पंचक्रोशीतली शेतं मोजून द्यायचे. त्यांच्या मोजणीवर कुणी कधी हरकत घेतली नव्हती. पण अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि वऱ्हाडात लोक धुऱ्यावर, शेताच्या बांधावरही सरकी टोचायला लागले. वीतभर जमिनीसाठी भाऊ भावाचं तोंड पाहीना.

अशात खुशालराव आणि चंद्रभान या भावांनी त्यांना वाटणीला बोलावलं. शेत चौरस, बाजू वीस काठ्या, म्हणजे चारशे चौरस काठ्यांचा एक बिघा. बाप जाताना सांगून गेला होता: विहिरीच्या कोपऱ्यातला निम्मा भाग धाकट्या चंद्रभानचा, आणि मोटेचं पाणी दोन्हीकडं सारखं फिरावं म्हणून तोही चौरसच. उरलेलं थोरल्याचं.

नत्थुजी पोचले तेव्हा दोघांच्या हातात कुऱ्हाडी होत्या. त्यांची आई, पार्वताबाई, विहिरीच्या काठावर बसली होती.

नत्थुजींनी चौदा काठ्यांवर खुंटी ठोकली.

"चौदा चौदे किती?" चंद्रभाननं विचारलं.

"एकशे शहाण्णव."

"अन् अर्धं होते दोनशे. माह्या चार काठ्या कोनं गिळल्या?"

"पंधरा केल्या तं सव्वादोनशे होतात," खुशालराव गरजला. "माह्यातून एक मूठ माती जास्त जाऊ देनार नाई!"

नत्थुजींनी खुंटी बोटभर सरकवली, मातीत गुणाकार मांडला. थोडं कमी. पुन्हा सरकवली. किंचित जास्त. किती अपूर्णांक घेतले, पण दोनशे काही येईना. त्यांच्या कपाळावरचा घाम आकड्यांवर टपकत होता.

खुशालरावनं खुंटी उपटून फेकली. "याले धाकट्यानं फितवलं!"

चंद्रभान धावला. पार्वताबाई दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली. "आंधी मले तोडा," ती म्हणाली.

काही सुचेना म्हणून नत्थुजी भाकरीचं चौरस फडकं घडी करू लागले. चारही टोकं मधोमध आणली आणि ते थबकले. फडकं सगळीकडं दुहेरी झालं होतं.

"थांबा रे! हे पाहा. घडी चौरस हाय का नाई? सगळीकडं दोन पदर, म्हंजे अर्धी का नाई?"

"हाय," खुशालराव गुरगुरला. "मंग?"

नत्थुजींनी फडकं उलगडलं, सुतळी त्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणली, निम्मी दुमडली आणि फडकं पुन्हा घडी करून घडीच्या एका बाजूला लावली. नेमकी बसली.

"शेतातबी असंच करू. दोर तुमीच धरा."

कुऱ्हाडी खाली ठेवल्याशिवाय दोर धरता येईना. भावांनी तो शेताच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणला, मधोमध दुमडला आणि विहिरीच्या कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंनी टाकला. चौदाच्या जरा पुढं खुंट्या बसल्या.

"पन किती काठ्या झाल्या?" चंद्रभाननं विचारलं.

"जागा दाखवली बाप्पा. आकडा मले सांगता येत नाई."

खुशालराव फडक्याची घडी कितीदा तरी मोडत, घालत राहिला. मग त्यानंच धोंडे आणून धुरा घातला. भावाशी तो पुढं बेतानंच बोलायचा. धुरा मात्र कधी हलला नाही.

नत्थुजी आयुष्यभर तो आकडा शोधत राहिले. वांग्यांना पाणी देता देता वाफ्याच्या कडेला बसून गुणाकार मांडायचे. बायको, रुख्मिणी, ओरडायची, "काय करून राह्यले? पानी वाहून चाललं!"

"जवळ आलो वं," ते म्हणायचे, आणि खरंच दर वेळी थोडे जवळ आलेले असायचे.