पाचव्या खांबापर्यंत

"लांबी अठ्ठावीस, शोल्डर सतरा, बाही नऊ, छाती चौतीस, पोट एकतीस, कॉलर चौदा!"

पळता पळता एवढं एका दमात म्हणता आलं की चाल बराबर, असं त्यांचं गणित. मधेच "छाती..." म्हणून श्वास तुटला, की ते पाय आखडते घ्यायचे आणि मला म्हणायचे, "सदरा पुरा झाला पायजे, साहेब. अर्ध्या सदऱ्यात माणूस उघडा पडतो."

ते टेलर होते. कनेरगाव नाक्यावर वाशीमकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचं एका मशीनचं दुकान होतं. गोष्ट सत्तर-पंच्याहत्तरच्या काळातली. मी पंचविशीतला नवा ग्रामसेवक, दुकानामागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. गावात मला 'साहेब' म्हणणारे दोनच जण: एक ज्याला दाखला पाहिजे असायचा तो, आणि दुसरे हे मास्तर. सकाळी दार उघडलं की "जयभीम, साहेब. उठले का?" म्हणायचे. मी उठलेलो नसायचो, पण त्यांच्या आवाजाला हो म्हणायचो.

आठवड्यातून तीन दिवस ते पुलापर्यंत पळत जायचे आणि परत यायचे. दोन-अडीच मैल, जास्त नाही. त्या काळी आमच्याकडं कामाशिवाय पळणारा माणूस म्हणजे एक तर त्याची एस.टी. चुकत असायची, नाहीतर मागं कुत्रं लागलेलं असायचं. ते स्वतः शिवलेल्या खाकी अर्ध्या चड्डीवर निघाले की चहाच्या टपरीवरून हाक यायचीच, "काय मास्तर, गिऱ्हाईक पळालं का कापड घेऊन?"

"व्हय, धरून आणतो!" म्हणत ते पुढं.

एकदा मी विचारलं, "मास्तर, काहून पळता?" त्यांची भाषा तोवर माझ्या तोंडात बसली होती.

"दिवसभर पायमशीनीवर पाय पळतेत, साहेब. माणूस मात्र जाग्यावरच. सकाळी त्याला बी जरा पुढं न्यावं लागते."

मीही त्यांच्यासोबत जाऊ लागलो. तब्येतीसाठी, असं मी सांगायचो. खरं म्हणजे घरी माझ्या लग्नाची बोलणी सुरू होती आणि मास्तरांनी मापाची टेप लावून माझं पोट तेहेतीस सांगितलं होतं.

तर असं हे सुखात चाललेलं असताना माझ्यातला शहाणा जागा झाला. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्यानं एक लेख वाचलेला असतो. मी हिंगोलीच्या वाचनालयातून आणलेल्या मासिकात वाचलं की जे लोक थोडंच पळतात, त्यांनी जोरात पळण्याचा सरावही केला पाहिजे. थोडं अंतर जिवाच्या आकांतानं पळायचं, मग दम घ्यायचा, पुन्हा पळायचं. मी ते मास्तरांना वाचून दाखवलं.

ते काजं करत होते. सुई न थांबवता म्हणाले, "ज्याला थोडंच जेवायचं, त्यानं काहून घाई करावी? त्यानं तर सावकाश चावावं."

"अहो, शास्त्र आहे ते."

"आसंल. पण शिवणीच्या आत आमी दोन बोटं माया सोडतो. कापड संपेस्तोर शिवलं की पहिल्या वाकण्यात उसवते." मग दोरा तोडत म्हणाले, "आन् दुसरं आसं, साहेब. हळू पळलं की लोक हसतेत. जोरात पळलं की इचारतेत, कुणाचं काय घेऊन पळून राहिला? तुमी पळले तर तालीम. आमी पळलो तर चौकशी. हसणं परवडते."

मी हसलो. तो विनोद आहे असं मला वाटलं होतं.

हार मानली असती तर मी कसला ग्रामसेवक! पहिल्या पगारातून घेतलेलं सेकंद काट्याचं घड्याळ माझ्या हाताला होतं. सव्वीस जानेवारीला हिंगोलीत खुल्या गटाची शर्यत होती. मी मास्तरांच्या मागंच लागलो. रस्त्याकडेनं तारेचे खांब होते. म्हटलं, पुलाजवळच्या खांबापासून निघायचं, पाचव्या खांबापर्यंत जोरात. फक्त एकदा. मी मागं उभा राहून वेळ बघतो. उजाडताना रस्त्यावर कुणी नसतं, कोण विचारणार?

ते एकदा पळाले. परत येऊन गुडघ्यांवर हात ठेवून उभे राहिले. सदऱ्यातली 'लांबी'सुद्धा म्हणता येईना. मग वर बघून म्हणाले, "किती झाले?"

तिथंच माणूस फसतो. उभ्या जन्मात ज्यांनी घड्याळाला विचारलं नव्हतं, ते दुसऱ्या दिवशी मला उठवायला आले. "चला, साहेब. आज दोन सेकंद तरी कमी करू." पंधरा दिवसांत पंचेचाळिशीचा तो माणूस पोरासारखा झाला. मशीनवरही गाणं गुणगुणायला लागला. त्यांची बायको मला म्हणाली, "भाऊ, हे काय खाऊ घातलं तुमी यांना?" आणि मी, मूर्ख, फुगलो.

जानेवारीतल्या त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. आदल्या दिवशी ते अंधार पडेपर्यंत मशीनवर बसले होते. शाळेचे सव्वीस जानेवारीचे सदरे त्यांच्याकडं होते. शाळेचं काम म्हणजे त्यांच्या घराचं वर्षाचं धान्य. पिंढरी कडक झालीय, असं म्हणाले. मी म्हटलं, "पळालात की मोकळी होईल."

चौथ्या आणि पाचव्या खांबाच्या मधे ते एकदम थांबले. एका पायावर उडी घेतली आणि गर्रकन मागं वळले.

"कोण मारला रं दगड?"

रस्ता मोकळा होता. दोन्हीकडं तुरीची रानं, धुकं. मागं फक्त मी होतो. मी पळत जवळ पोचलो, तसं त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं. हातात घड्याळ होतं.

दगड नव्हताच. पिंढरीतला स्नायू फाटला की मागून कुणीतरी मारल्यासारखंच वाटतं, हे मला फार उशिरा एका डॉक्टरांनी सांगितलं. मास्तर माझ्या खांद्यावर हात टाकून लंगडत घरी आले. वाटेत मीच बडबडत होतो.

आता मशीन कोण चालवणार? निम्मे सदरे राहिले होते. मी म्हटलं, मी पाय मारतो, तुम्ही कापड धरा. पायपट्टीवर पाय ठेवला तर चाक उलटं फिरलं आणि दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा त्यांची बायको म्हणाली, "उठा, भाऊ. तुमच्यानं न्हाई व्हायचं ते."

ती स्टुलावर बसली. शेजारी पेटीवर मास्तर, सुजलेला पाय विटेवर ठेवून, तिच्या पुढ्यात वाकून कापड सरकवत होते. "हळू... हळू... आता कोपरा आला, थांब." तीन दिवस त्या दोघांनी एक मशीन चालवली. मी दारात बसून गुंड्या लावल्या. त्यातल्या बऱ्याच त्यांनी मुकाट्यानं काढून पुन्हा लावल्या.

सदरे वेळेवर झाले. प्रभातफेरीत लेकरं पांढरीशुभ्र दिसत होती. हिंगोलीच्या शर्यतीला आमच्यापैकी कुणीच गेलं नाही.

उन्हाळ्यापर्यंत पाय मशीनपुरता बरा झाला. मी म्हटलं, "मास्तर, आता हळूच जाऊ. सदऱ्यासहित."

ते माझ्या बदलीनिमित्त माझाच एक शर्ट शिवत होते. "जाऊ नये आसं न्हाई, साहेब," ते म्हणाले. "दोनदा जाऊन आलो मी, एकटाच. पण पळताना सारखं मागं बघावं वाटते. तसं पळून काय फायदा?"

तुमच्यामुळं झालं, असं ते एकदा म्हणाले असते तर मी माफी तरी मागितली असती. ते म्हणाले नाहीत, म्हणून मीही मागितली नाही.

बदली साखऱ्याला झाली होती. निघताना ते एस.टी.पर्यंत आले. खिडकीखाली उभं राहून म्हणाले, "पोट बत्तीसवर आणलं व्हतं, ध्यानात ठिवा." गाडी हलली तशी दोन पावलं सोबत चालले, तिसरं-चौथं सवयीनं पळतं टाकलं, आणि थांबले. मग त्यांनी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

काही वर्षांनी गेलो तेव्हा तिथं सायकलचं दुकान होतं. मास्तर लेकीकडं गेले, कुठल्या गावाला ते कुणाला नक्की सांगता येईना.

मी अजून पळतो. हळू. पोट अडतीस झालंय, तरी सदरा एका दमात पुरा करतो. घड्याळ घरी ठेवून जातो. घरचे म्हणतात, किती वेळ लागला ते कळत कसं नाही तुम्हाला?

नाही कळत, म्हणतो.