त्याच घराण्यातली गाडी

आईला डायलिसिससाठी हळ्ळीखेडहून कलबुर्गीला मीच न्यायचो. आमची जुनी जपानी गाडी वाटेत एकदाही बंद पडली नाही, तिचे उपकार मोठे आहेत. मी घरातला पहिला पदवीधर, म्हणून दोस्त टोमणे मारायचे, "साहेब झालास, अजून हा डबाच कामून चालवायलास?"

यंदा तो डबा विकला आणि नवी गाडी त्याच कंपनीची घेतली. आईनं बॉनेटला विभूती लावली आणि सोयरीक जुळवताना विचारावं तसं विचारलं, "घराणं तेच हाय न्हवं?"

"व्हय, तेच."

मग ती निवांत मागं बसली. कलबुर्गीच्या वाटेवर हुमनाबाद यायच्या आतच, नेहमीसारखी, तिला झोप लागली.