विमानातला ऑपरेटर

नानूदादा गेला, असा त्याच्या मुलीचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता सुटलो. आज महिना होऊन गेला, पण त्या विचाराची लाज काही जात नाही.

नानूदादा माझा आतेभाऊ, सहा वर्षांनी मोठा. मध्य भारत राज्य होतं त्या काळात तो इंदूरच्या एका टॉकीजमध्ये मशीन ऑपरेटर, म्हणजे प्रोजेक्टर चालवणारा, होता आणि मी बी.ए. होऊन नोकरी शोधत होतो. मुंबईच्या मुलाखतीहून परतताना तिथल्या काकांनी हौसेनं मला विमानात बसवून दिलं. आमच्या स्नेहलतागंजच्या गल्लीत तोवर कोणी विमानात बसलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी सगळा वेळ कागदी पिशवीत तोंड खुपसून ओकत होतो. पण घरी पोचलो तर ओट्यावर मंडळी वाट बघत बसलेली. "वरून काय काय दिसलं रे?" दादानं विचारलं. मी ऐटीत म्हणालो, "बाहेर कोण बघतं? आत सिनेमा दाखवतात." बाकीचे हसले. दादा मात्र पुढे सरकला. "अरे, पण मशीन किधर ठेवतात? आणि त्याच्या दिव्यातल्या कार्बनचा धूर?" मग मी थापेवर थाप मारत गेलो. छोटं मशीन, शेपटाकडे, धुरासाठी नळी...

चार दिवसांनी तो कोरा कागद घेऊन आला. "विनू, तुझी अंग्रेजी पक्की आहे. विमान कंपनीला एक अर्जी लिहून दे ना. ऑपरेटर तर त्यांना लागतच असतील." तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं... पण त्याच्याबरोबर आलेली वहिनी इतक्या आशेनं बघत होती की मी मुकाट्यानं वळणदार अक्षरात अर्ज लिहून दिला.

उत्तर टॉकीजच्या पत्त्यावर आलं. विमानात सिनेमा दाखवत नाहीत, सबब अशी जागा नाही. मॅनेजरनं ते सगळ्या स्टाफसमोर वाचून दाखवलं आणि त्या दिवसापासून दादा 'पायलट साहब' झाला. छत्रीबागेत भाजी घ्यायला गेला तरी कोणीतरी तशी हाक मारायचंच. माझ्यापाशी त्यानं कधी शब्द काढला नाही. मीच त्याच्याकडे जाणं कमी केलं.

पुढे म्हातारपणी लेकीकडे अमेरिकेला गेलो. समोरच्या सीटच्या पाठीवर सिनेमा सुरू झाला. शेजारचा माणूस मजेत बघत होता. मी डोळे मिटून बसलो. ठरवलं, परतल्यावर दादाचे पाय धरायचे, चार लोकांसमोर खरं सांगायचं. परतलो, तर तोच भेटायला आला. "आता तरी दाखवतात का रे?" त्यानं सरळ माझ्याकडे बघत विचारलं. मी म्हणालो, "लक्ष नव्हतं दादा, झोपलो होतो." तो "बरं" म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

तेराव्याला टॉकीजचे जुने गेटकीपर माझ्या शेजारी बसले होते. "भिया, हम लोगों ने कितनी बार पूछा, विमान वाली बात किसने बताई थी. नाम नहीं लिया उन्होंने. बोलते थे, मेरे ही दिमाग में आई थी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आपको तो पता होगा?"

मी मान हलवली... नाही म्हणून.

टॉकीजमधले जे कोणी अजून आहेत, त्यांनी वाचावं म्हणून हे लिहितो आहे. ती थाप मी मारली होती. मी, विनायक, त्याचा मामेभाऊ.